सुधारशाळेचा बँड

शाळेच्या गॅदरिंगमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर उभे राहिल्याची आठवण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात कुठेतरी जपलेली असते. हातात लेझीम असते, किंवा समूहगीताच्या मागच्या रांगेत आपण उभे असतो आणि समोरच्या गर्दीत आईचा चेहरा शोधत असतो. कार्यक्रम संपतो, कपडे परत केले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गणिताचा तास सुरू होतो. बहुतेकांचे तेथेच संपते. एखाद्याच्या बाबतीत मात्र ती थोडी मिनिटे साऱ्या आयुष्याला पुरतात.

अशाच एका मुलाची ही हकिकत आहे. त्याने वाद्य वाजवले ते रंगमंचावर नव्हे, भर रस्त्यात. आणि त्याची शाळा म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या मुलांची सुधारशाळा होती. पुढे हा मुलगा लुई आर्मस्ट्राँग या नावाने जगभर गाजला. जाझ संगीताचा इतिहास त्याच्यावाचून लिहिताच येत नाही. त्याच्या कीर्तीची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला मात्र त्याच्या चरित्रात त्या सुधारशाळेचा बँड आणि तो शिकवणारा एक मास्तर यांचेच मोल अधिक वाटते. शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या अशा दोघांनीही विचार करावा असे त्यात काही आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदीच्या काठी न्यू ऑर्लिन्स हे शहर वसलेले आहे. तेथे ४ ऑगस्ट १९०१ रोजी लुईचा जन्म झाला. तो स्वतः मात्र आयुष्यभर ४ जुलै १९०० हीच आपली जन्मतारीख सांगत आला. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून उजेडात आली. जन्मतारखेचीही धड नोंद घरात नसावी, यावरूनच त्या घराची कल्पना येते. लुई तान्हा असतानाच बापाने घर सोडले. पहिली काही वर्षे आजीने, जोसेफीनने, त्याला सांभाळले. पाच वर्षांचा झाल्यावर तो आई मेअॅन आणि धाकटी बहीण बीट्रिस यांच्याकडे राहायला आला.

हे घर लिबर्टी आणि पर्डिडो या दोन रस्त्यांच्या तिठ्याजवळ होते. दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने यांनी भरलेली ती वस्ती. मारामाऱ्या इतक्या नित्याच्या, की लोक त्या भागाला रणांगण म्हणत. आई परक्यांच्या घरी कामे करी. दारिद्र्याने तिला अधूनमधून वस्तीतल्या त्या दुसऱ्या धंद्याकडेही ओढले, असे त्याचे चरित्रकार मानतात. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती, पण कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, गाडीतल्या बसण्याच्या जागा वेगळ्या, आणि न्यायही वेगळाच होता.

त्या शहरात एक गोष्ट मात्र गरिबालाही फुकट मिळत असे, ती म्हणजे संगीत. आपल्याकडे वरात निघाली की बँडमागून पोरे धावतात. न्यू ऑर्लिन्समध्ये तर माणूस मेला तरी बँड लागे. स्मशानाकडे जाताना बँड संथ, शोकाकुल भजन वाजवी. दफन आटोपून परतताना तेच वादक द्रुत, आनंदी चाली धरीत आणि लोक नाचत मागून येत. मृतात्मा या जगाच्या यातनांतून सुटला, आता रडायचे कशाला, अशी त्यामागची भावना. त्या नाचणाऱ्या मागच्या घोळक्यात लहानगा लुई नेहमी असे. दोन-चार मित्र गोळा करून तो रस्त्यावर गाणी म्हणे आणि लोकांनी टाकलेली नाणी घरी आईला नेऊन देई.

पोटासाठी त्याने लहानपणीच काम धरले. लिथुएनियातून आलेले कार्नॉफ्स्की नावाचे एक ज्यू कुटुंब भंगार गोळा करी आणि कोळसा विकी. त्यांच्या गाडीवर लुई पत्र्याचे शिंग फुंकून गिऱ्हाइकांना हाक देई. एका गहाणवटीच्या दुकानात पाच डॉलरला एक जुने कॉर्नेट होते. त्यासाठी कार्नॉफ्स्कींनी त्याला पगारातून उचल दिली, असे त्याने वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींत सांगितले आहे. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचेच थोडे आखूड, गोल आवाजाचे भावंड. पण ते वाजवायचे कसे, हे शिकवणारे कोणी नव्हते. शाळाही अर्धवटच राहिली.

मग ३१ डिसेंबर १९१२ ची रात्र आली. नव्या वर्षाच्या स्वागतासाठी बार उडवण्याची तेथे रीत होती. लुईने आईच्या त्या वेळच्या जोडीदाराचे पिस्तूल गुपचूप उचलले. त्यात गोळी नव्हती, नुसते आवाजाचे बार होते. मित्रांबरोबर गात तो रॅम्पार्ट रस्त्याने चालला असता पलीकडून एका पोराने त्यांच्या दिशेने बार काढला. लुईनेही उत्तरादाखल पिस्तूल वर करून बार उडवले. सारे शहर त्या रात्री तेच करत होते. पण मागून पोलिसाचा हात खांद्यावर पडला तो याच्या. त्याने रडून विनवण्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. दुसऱ्याच दिवशी, वर्षाच्या पहिल्या तारखेला, बाल न्यायालयाने त्याला मुदत न सांगता कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या सुधारशाळेत धाडले. २ जानेवारीच्या वर्तमानपत्रात ही बातमी आली आणि अकरा वर्षांच्या त्या पोराची गणना सराईतांत झाली.

ही सुधारशाळा शहराच्या कडेला, मोकळ्या शेतांजवळ होती. जोसेफ जोन्स नावाचे एक माजी घोडदळी सैनिक आणि त्यांच्या पत्नी ती चालवीत. सारी शिस्त लष्करी. उठायला बिगुल, जेवायला बिगुल, झोपायला बिगुल. मुलांकडून लाकडी बंदुका घेऊन कवायत करून घेत. जमीन घासणे, कपडे धुणे, बागकाम ही कामे वाटून दिलेली. लुई पहिले तीन दिवस जेवलाच नाही. आईच्या हातच्या जेवणाची आठवण काढत तो ताटापुढे बसून राही. चौथ्या दिवशी भूक जिंकली.

तेथे पीटर डेव्हिस नावाचे मास्तर होते. मुलांवर देखरेख ठेवणे आणि बँड शिकवणे ही त्यांची कामे. लुईला बँडची ओढ इतकी, की तालमीच्या खोलीबाहेर तो कान लावून उभा राही. पण डेव्हिस मास्तरांनी हा मुलगा कोठून आला आहे ते ऐकले होते. लिबर्टी आणि पर्डिडोची पोरे म्हणजे मुळातच वाया गेलेली, असे त्यांचे ठाम मत होते. इतरांना जी चूक माफ, तिच्यासाठी याला छड्या बसत. पोरगा इतका घाबरे, की मास्तर नुसते जवळून गेले तरी अंग चोरून घेई. मुलाने काय केले यापेक्षा तो कोणत्या गल्लीतला, यावरून त्याचा निकाल लागला होता. ही गोष्ट केवळ अमेरिकेतच घडते असे नाही. पटावरचा पत्ता आणि आडनाव वाचून मुलाचे भविष्य ठरवणारे आपल्याकडेही थोडे नाहीत.

पण हे मास्तर आपल्या मतापाशी अडून बसले नाहीत. रोजच्या सहवासात त्यांना दिसत गेले, की हा मुलगा सांगितलेले काम नेटके करतो, कुरकुरत नाही, आणि त्याच्या कानाला सुराची जाण आहे. एके दिवशी त्यांनी होऊन त्याला बँडमध्ये येतोस का असे विचारले. लुईने धरली होती कॉर्नेटची आशा. मास्तरांनी हातात दिली डफली. तो निराश झाला, पण एका शब्दाने बोलला नाही. ताल धरून वाजवू लागला. त्याचा ताल पाहून त्याला ढोल दिला. मग आल्टो हॉर्न आला. हे वाद्य मुख्य चाल वाजवत नाही. चालीखालचा जोडसूर धरते. रस्त्यावर मित्रांच्या गाण्यात लुई असाच जोडसूर धरत आला होता, त्यामुळे हे काम त्याला लगेच साधले.

पुढे बिगुल वाजवणारा मुलगा सुटून घरी गेला आणि बिगुल लुईकडे आला. कळकट, हिरवट डाग चढलेला तो बिगुल लुईने घासूनपुसून लखलखीत केला, आणि असा वाजवला की मुले बिगुलाच्या हाकेवर खुशीने उठू लागली. त्यानंतर एकदाचे कॉर्नेट हाती आले. पहिली चाल मास्तरांनी शिकवली ती घराच्या ओढीची होती. घर हे जगातले सर्वांत गोड ठिकाण, अशा अर्थाचे ते गीत त्या कोंडवाड्यातल्या पोराने फुंकून फुंकून घोटले. सूर मोठा नसला तरी चालेल, तो गोल आणि स्वच्छ हवा, हा डेव्हिस मास्तरांचा आग्रह असे. पुढे जगाने ज्या सुराचे कौतुक केले, त्याची घडण या आग्रहात झाली. डफलीपासून कॉर्नेटपर्यंतचा हा प्रवास अपमानाचा नव्हता. एकेक पायरी देऊन मास्तर मुलाला जोखत होते आणि नकळत आपलाही पहिला निकाल खोडत होते. अखेर त्यांनी त्याला बँडचा म्होरक्या नेमले.

सुधारशाळेच्या बँडला बाहेरची निमंत्रणे येत. सहली, मिरवणुका, कृष्णवर्णीयांच्या मंडळांचे समारंभ अशा ठिकाणी ही पोरे मैलोनमैल चालत वाजवीत. मे १९१३ च्या अखेरीस दिवंगत सैनिकांच्या स्मरणदिनी निघालेल्या मिरवणुकीत हा बँड होता. ३१ मे १९१३ च्या वर्तमानपत्रात बँडचा म्होरक्या म्हणून लुई आर्मस्ट्राँगचे नाव छापून आले. जानेवारीत ज्याचे नाव पोलिसांच्या बातमीत आले, त्याचेच नाव पाच महिन्यांत असे आले.

पण लुईच्या आठवणीत कायमचा राहिला तो दुसराच दिवस. मिरवणुकीच्या वाटेवर त्याची स्वतःची वस्ती लागली. अंगावर गणवेश होता: बँडच्या मुलांना निळे कोट आणि पांढऱ्या विजारी, म्होरक्याला वेगळ्या फिक्या पिवळ्या रंगाची विजार आणि तशीच टोपी. हातात कॉर्नेट, मागे साथीदार, आणि समोर तोच रस्ता, जेथून त्याला पोलिसांनी उचलून नेले होते. दुतर्फा गर्दी होती. जुगारी होते, गुत्तेवाले होते, धंदा करणाऱ्या बाया होत्या, टवाळ पोरे होती. ज्यांना आपण सभ्य समाज म्हणतो त्यांतले त्यात फारसे कोणी नव्हते. मेअॅनचा लुई सर्वांत पुढे वाजवत येतो आहे, हे पाहून त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. कोणीतरी धावत जाऊन रात्रपाळीने थकून झोपलेल्या आईला उठवले. डोळे चोळत ती दारात आली, आणि तिने आपला मुलगा पाहिला.

लोकांनी डेव्हिस मास्तरांना विचारले, पोराला थोडे पैसे दिलेले चालतील का? चार नाणी जमतील, असे समजून मास्तरांनी मान हलवली. पण त्या वस्तीचा हात किती मोकळा होता याची त्यांना कल्पना नव्हती. लुईची टोपी भरली. मग शेजारच्या मुलांच्या टोप्या मागून घ्याव्या लागल्या. त्या पैशांतून साऱ्या बँडला नवे गणवेश आणि नवी वाद्ये आली. आधीची वाद्ये जुनीपुराणी आणि ठेचकाळलेली होती. ज्या गल्लीच्या नावाने मास्तरांनी मुलाला वाया गेलेला ठरवले होते, त्याच गल्लीने त्यांच्या शाळेचा बँड उभा केला. या चरित्रातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. त्या दिवशी कौतुक लुईचे झाले, पण दान साऱ्या मुलांच्या पदरी पडले.

१६ जून १९१४ रोजी त्याला बापाच्या हवाली करण्यात आले. तेथे सावत्र भावंडांना रांधून घालण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पुढे तो आईकडे परतला. दिवसा कोळशाची गाडी हाकायची आणि रात्री मिळेल त्या गुत्त्यात कॉर्नेट वाजवायचे, असा क्रम सुरू झाला. जो ऑलिव्हर हा शहरातला नावाजलेला कॉर्नेटवादक. लुई त्याच्या घरची बारीकसारीक कामे करी, आणि ऑलिव्हर त्याला धडे देई. आपले एक जुने कॉर्नेटही त्याने लुईला दिले. ऑलिव्हर शिकागोला निघून गेल्यावर किड ओरीच्या वाद्यवृंदातली त्याची जागा लुईला मिळाली. मग फेट मॅरेबलच्या वाद्यवृंदाबरोबर मिसिसिपीवरच्या आगबोटींतून फिरताना तो लिहिलेले संगीत वाचायला शिकला.

१९२२ च्या ऑगस्टमध्ये ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलावून घेतले. तेथे पियानोवादक लिल हार्डिनशी त्याची ओळख झाली आणि १९२४ मध्ये लग्न झाले. दुय्यम कॉर्नेटवादक म्हणून राहू नकोस, असा आग्रह तिनेच धरला. न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात वर्षभर काढून तो परतला. १२ नोव्हेंबर १९२५ पासून त्याच्या ‘हॉट फाइव्ह’ या छोट्या संचाच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. तोवर जाझ म्हणजे सर्वांनी मिळून एकदम वाजवण्याचे संगीत होते. आर्मस्ट्राँगने त्यात एकट्या वादकाला उभे राहून आपली गोष्ट सांगायला जागा दिली. आपल्याकडे गायक आलापीत रागाचा विस्तार करतो, तसा तो साध्या चालीचा त्या क्षणी विस्तार करी. १९२८ मधील ‘वेस्ट एंड ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात तो एकटा ट्रम्पेटवर करतो. तेवढे थोडे सेकंद ऐकले तरी हे कळते. त्याच्या घोगऱ्या आवाजातल्या गाण्याने गायकांनाही नवी वाट दाखवली.

१९३१ मध्ये तो कीर्तिमान होऊन न्यू ऑर्लिन्सला आला. रेडिओवरच्या गोऱ्या निवेदकाने एका कृष्णवर्णीयाची ओळख करून द्यायला नकार दिला, तेव्हा त्याने स्वतःच ध्वनिक्षेपकापुढे जाऊन आपली ओळख करून दिली. त्याच मुक्कामात तो सुधारशाळेत गेला. जोन्स, डेव्हिस मास्तर आणि तेव्हाची मुले यांच्यासमवेत त्याचे छायाचित्र आहे. ज्या दारातून त्याला धरून आणले होते, त्या दारातून तो आपण होऊन आत गेला.

तो नेहमी हसतमुख असे, आणि गोऱ्यांना खूष करतो असा आरोप त्याच्यावर पुढच्या पिढीने केला. पण १९५७ मध्ये लिटल रॉक येथे गोऱ्यांच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना शिरू दिले जात नव्हते, तेव्हा त्याने थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर कडक टीका केली आणि सरकारतर्फे ठरत असलेला रशियाचा दौरा नाकारला. शाळेच्या दाराशी अडवलेली मुले पाहून हा माणूस उसळला, यात मला नवल वाटत नाही. गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एकत्र वाजवू नये असा कायदा त्याच्या राज्याने १९५६ मध्ये केला होता. त्यामुळे आपल्या मिश्र संचासह तो जन्मगावी फिरकला नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, १९६५ मध्ये तो पुन्हा तेथे आला. त्या वर्षी वृद्ध डेव्हिस मास्तरांची आणि त्याची भेट झाली. आदल्याच वर्षी, बासष्टाव्या वर्षी, ‘हॅलो डॉली’ या त्याच्या गीताने लोकप्रियतेच्या यादीत बीटल्सना मागे टाकले होते.

त्याच्या सुरांचे पडसाद आपल्याकडेही उमटले. गोव्यात चर्चला जोडलेल्या संगीतशाळांतून लहान मुलांना सूरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. गोव्याच्या हळदोणे गावचा अँतोनियो झेवियर वाझ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने ट्रम्पेट वाजवी. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात त्याचा मोठा हातभार होता. ‘अलबेला’ (१९५१) मधली गाणी आपण गुणगुणतो, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्याचा थोडा अंश त्यांत असतो.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या साध्या घरी आर्मस्ट्राँगचे निधन झाले. ते घर आता संग्रहालय आहे, आणि न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळाला २००१ पासून त्याचे नाव आहे.

या चरित्रावरून सुधारशाळेने मुले घडतात, असा सोपा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. बार उडवल्याबद्दल पोराला आईपासून तोडणे हा अन्यायच होता, आणि त्या छड्याही अन्यायाच्याच होत्या. त्या शाळेतून गेलेल्या कितीतरी मुलांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. लुईला तारले ते दोन गोष्टींनी. एक, हाती पडलेली डफली त्याने कॉर्नेट समजून मनापासून वाजवली. दुसरी, एका मास्तरांनी आपले मत चुकले हे वेळेवर ओळखले, आणि तसे बोलून न दाखवता मुलाच्या हाती वाद्य दिले. पहिली गोष्ट आम्हा विद्यार्थ्यांच्या हातात आहे. दुसरी आमच्या गुरुजनांच्या हातात आहे, एवढे नम्रपणे सांगून हा लेख पुरा करतो.